एकोणिसाव्या ढिगावरचा खडा

यामनाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिची चूक काढण्याच्या नादात.

डोंगरातल्या तामदा गावच्या शाळेवर रुजू होऊन मला तीन आठवडे झाले होते. १९८६ सालचा ऑक्टोबर संपत आला होता आणि गावच्या जुन्या कोठाराच्या दाराशी पेरणीचं बियाणं वाटणं चाललं होतं. दारात एक तिशीची बाई मांडी घालून बसली होती. गडद निळं वस्त्र डोक्यावरून घेतलेलं, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. लाकडी मापाने जव मोजून ती समोरच्या पोत्यात ओतत होती. शेजारी भिंतीला टेकून तिचे वडील बसले होते. ते कोठाराचे राखणदार, पण डोळ्यांत फूल पडल्यामुळे मोजायचं काम लेकीकडे आलं होतं. तिने पहिलं माप ओतलं आणि म्हणाली, "बरकत." मग दोन, मग तीन, मग चार.

मी नुकताच अध्यापन विद्यालयातून बाहेर पडलेला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, एक राहिला तुमचा."

तिने मान वर केली नाही. अकरा मापं पुरी केली, पोत्याचं तोंड आवळलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"एक वर आहे, मास्तर. त्याच्यासारखा दुसरा नाही. म्हणून तो आकडा आम्ही मापाला लावत नाही. तुमच्या शाळेत पोरांना शिकवा. इथे नको."

रांगेतल्या बायका हसल्या. टिझनीतची माणसं चहात साखरही एकपासून मोजून घालतात का, असं एकीने विचारलं. मी टिझनीत शहरातून आलेला, हे तीन आठवड्यांत सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. मी ओशाळून बाजूला झालो. पण त्या बाईची मोजायची रीत लक्षात राहिली. ती नुसत्या डोळ्यांनी मोजत नसे. प्रत्येक गोष्टीला बोट लावून मोजत असे.

पुढे कळलं की तिचं लग्न दोन वर्षं टिकलं होतं आणि ती बापाच्या घरी परतली होती. आई लहानपणीच गेलेली. पाठचा भाऊ बेलईद तिनेच वाढवला. बेलईद हसरा, थोडा आळशी, काम करताना मध्येच थांबून पाखरांकडे बघणारा. त्याची बायको तूदा फारच कमी बोलायची. बापाचं आणि बेलईदचं घर एकाच अंगणात होतं. यामना भावाला सगळ्यांसमोर रागवायची आणि तो "हो लल्ला, हो लल्ला" म्हणत तिच्याच ताटातली भाकरी उचलायचा. लल्ला हे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात.

आता अगदालच्या फेरीबद्दल सांगायला हवं, कारण यामनाचं सगळं आयुष्य त्या फेरीत अडकून राहिलं.

अगदाल म्हणजे डोंगराच्या समुद्राकडच्या उतारावरचं आमचं आर्गनच्या झाडांचं राखीव रान. मे महिन्यात, फळ पिकायच्या आधी, ते बंद करतात. ऑगस्टात जमात, म्हणजे गावची पंचमंडळी, ठरवेल त्या दिवशी उघडतात. मधल्या दिवसांत तिथे शेळी जात नाही, कुऱ्हाड जात नाही, माणूसही जात नाही. बंद करायच्या दिवशी सात जण शिवेवरून फेरी काढतात. शिवेवर दगडांचे एकतीस ढीग आहेत. प्रत्येकाच्या कमरेला चामड्याची पिशवी असते आणि तिच्यात चुन्यात बुडवून वाळवलेले एकतीस खडे. दोन ढिगांच्या मधलं रान सातही जण पांगून तपासतात, कुठे फास लावलाय का, कुठे फांदी तोडलीय का, ते बघतात. मग एकेक जण आपापल्या वेळेने ढिगापाशी येतो, वरच्या सपाट दगडावर आपला एक खडा ठेवतो आणि पुढे जातो. सगळ्यांत मागचा जो असतो तो मोजणारा. तो आपला खडा ठेवतो, सगळे मोजतो, सात भरले की एक लांब हाक देतो. ती ऐकली की पुढची माणसं पुढच्या ढिगाकडे निघतात. कमी भरले तर दोन हाका द्यायच्या. दोन हाका आल्या की सगळ्यांनी थांबायचं, मागे यायचं आणि राहिलेल्याला शोधायचं. मोजून झाले की खडे ढिगात ढकलून द्यायचे, म्हणजे दगड पुढच्या वर्षासाठी मोकळा. हाक ऐकू यावी म्हणून दिवसभर कोणी बोलत नाही. मे महिन्यात समुद्रावरून धुकं वर चढतं आणि पाच हातांवरचं झाड दिसत नाही. तेव्हा त्या हाकेखेरीज एकमेकांशी दुसरा धागा नसतो.

मोजणाऱ्याचं काम यामनाच्या घराण्याचं. १९९३ साली बापाने सांगितलं की आता मला ढीगच दिसत नाही तर खडे काय दिसणार, यामनाला पाठवा. बाई कधी फेरीला गेली नव्हती. फेरीच्या पुढे असायचे ते दा अबुश म्हणाले, ठीक आहे, पण बाई मोजणार म्हणजे निम्म्या फेरीत दोन हाका ऐकायच्या तयारीने जेवण सोबत बांधून घ्या. लोक हसले, बेलईदही हसला. त्या वर्षी सातांत बेलईद होता आणि मीही होतो, शिक्षक म्हणून मानाने घेतलेला, पायाने कच्चा.

त्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. ढिगामागून ढीग गेले. प्रत्येक वेळी मागून एक लांब, बारीक, स्थिर हाक आली. एकदाही दोन आल्या नाहीत. एकतिसाव्या ढिगापाशी दर्ग्याच्या भिंतीखाली जेवण होतं, लापशी आणि वर आर्गनचं तेल. एकेक जण धुक्यातून येऊन बसत होता. बेलईद आला नाही. दा अबुश म्हणाले, सरळ खाली सडकेवर गेला असेल, त्याला चालायचा कंटाळा. यामना सगळ्यांत शेवटी आली. तिने सगळ्यांकडे पाहिलं, मग आली होती त्या वाटेकडे पाहिलं, आणि जेवली नाही.

बेलईद त्या दिवशी घरी आला नाही, नंतरही कधी आला नाही.

शोध झाला. पण शोध कुठे घ्यायचा हे मोजणीने ठरवलं. एकतिसाव्या ढिगापर्यंत सात खडे भरले होते, म्हणजे बेलईद फेरी पुरी करून गेला होता. म्हणून माणसं सडकेकडे, ओढ्याकडे, समुद्राकडे शोधत राहिली. रानात कोणी पाहिलंच नाही. आठवड्याने एकाने सांगितलं की इफ्नी बंदराच्या धक्क्यावर तसाच एक माणूस दिसला होता, समुद्रापलीकडच्या परदेशी बेटांकडे जाणाऱ्या होडीत. तेवढं पुरलं. बेलईद बायकोला टाकून पळाला असं ठरलं. तूदा अठ्ठावीस वर्षांची होती. ती विधवा नव्हती, कारण नवरा मेला नव्हता. ती नवऱ्याची बायकोही नव्हती. आमच्याकडे नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस पांढरं नेसते आणि मग उठते, पुन्हा माणसांत येते. तूदाला पांढरं नेसताही येईना आणि उठताही येईना. लग्नघरात तिला लोक आत बोलवत, पण नवरीच्या जवळ बसवत नसत.

पुढच्या वर्षी फेरीला बेलईदच्या जागी दुसरा माणूस आला आणि यामना पुन्हा मागे राहिली. तिची हाक तशीच होती, लांब आणि एकच. पण दर्ग्याखाली ती आली तेव्हा तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. मी विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, धुकं अंगात शिरलं.

काही वर्षांनी गावातल्या आणि कासाब्लांकात गेलेल्या माणसांनी मिळून संस्था काढली. नोंदणी झाली, शिक्का आला, कोठाराच्या खालच्या खोलीत एक टेबल आलं. अहवाल लिहायचं काम माझ्याकडे. जानेवारीत जमिनीखालची पाण्याची टाकी उपसायची, मार्चमध्ये पायऱ्यांच्या शेतांचे पडलेले बांध रचायचे, मे महिन्यात अगदाल बंद करायचं, ऑक्टोबरात पावसाआधी कोठाराच्या धाब्यावर नवी माती चोपायची. दर वर्षी तीच कामं, तीच वाक्यं. मेच्या पानावर मी लिहायचो: "फेरी झाली. सात जण. एकतीस ढीग. मोजणी पूर्ण." या सबंध काळात मोजणी यामनाच करत होती.

१९९८ साली एकोणिसाव्या ढिगापाशी माझ्या वहाणेचा पट्टा तुटला. मी ढिगाच्या मागच्या बाजूला खाली बसून तो बांधत होतो. माझा खडा ठेवून झाला होता. धुक्यातून यामना आली. तिने आपला खडा ठेवला, बोट लावून मोजायला लागली, ओठ हलत होते. मीही नकळत मोजलं. आठ होते.

मी पुन्हा मोजलं. आठच. तिने झटक्याने सगळे ढिगात ढकलले, तोंड वर करून लांब हाक दिली, आणि मग मी तिला दिसलो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फेरीत बोलायचं नसतं. ती निघून गेली.

मी ठरवून टाकलं की तीच दोन ठेवते, एक माझ्या नजरेतून सुटला. भावाच्या नावाने एक जास्तीचा. माणसं याहून विचित्र गोष्टी करतात, आणि याने कोणाचं बिघडत नव्हतं. मी कोणाला बोललो नाही. पण त्यानंतर दर वर्षी एकोणिसाव्या ढिगापासून पुढे मी पाठीमागे पाहणं टाळू लागलो.

२०१९ मध्ये यामनाचा डावा गुडघा इतका सुजला की तिला उंबरठा ओलांडता येईना. मी तोवर निवृत्त झालो होतो. तिने निरोप धाडला की मागे मास्तरांनी राहावं, दुसऱ्या कोणी नाही. मी भेटायला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जेवढे असतील तेवढे असू द्या. हाक एकच द्या."

त्याच वर्षी संस्थेत नवाल आली होती. अगादीरची मुलगी, शिकलेली, बूट घालून डोंगर चढणारी, म्हाताऱ्यांशी अदबीने वागणारी. वनखात्याच्या नोंदीसाठी तिला प्रत्येक ढिगाचा फोटो हवा होता. खडे ढकलायच्या आधी काढायचा, असं तिने बजावून फोन माझ्या हातात दिला होता.

अठराव्या ढिगापर्यंत सात होते. मी मोजत होतो, फोटो काढत होतो, हाक देत होतो. अठराव्यानंतर वाट निवडुंगाच्या दाटीतून खाली उतरते. धुकं इतकं होतं की फोनची काच पुसत राहावी लागत होती. मी सगळ्यांत मागे होतो. माझ्या मागे कोणी असायचं कारण नव्हतं. तरी सुट्या दगडांवर पाय पडल्याचा आवाज मागून येत होता. मी थांबलो की दोन पावलं पडून तोही थांबायचा. पडसाद असेल म्हणून मी जोरात पाय आपटला. पडसाद आला नाही. थोड्या वेळाने एकच पाऊल पडलं, हळू, माझ्यापेक्षा हलक्या माणसाचं.

एकोणिसाव्या ढिगापाशी पोहोचलो. माझा खडा ठेवला. मोजले. आठ.

आठवा इतरांसारखाच होता, पण ओला. बोट लावलं तर चुना बोटाला लागला. आम्ही खडे आठवडाभर आधी बुडवून वाळवतो. मी फोटो काढला, कारण काढायचं ठरलं होतं. एक हाक दिली. तिथून एकतिसाव्यापर्यंत प्रत्येक ढिगावर आठ होते. यामना त्या वेळी चार कोसांवर, आपल्या घरात, गुडघ्याला गरम वाळूचं गाठोडं बांधून बसलेली होती.

तीन दिवसांनी नवालने आम्हा दोघांना कोठाराच्या खोलीत बोलावलं. यामना काठी टेकत आली. नवालने फोटो दाखवले, एकेक करून, घाई न करता. म्हणाली की फेरीच्या कागदावर सही करणारे सात आहेत आणि अठरानंतर खडे आठ आहेत. आठवा जो कोणी असेल त्याचं नाव लिहू, किंवा चूक झाली असं लिहू. पण मला काहीतरी एक खरं लिहावं लागेल.

"लल्ला यामना, आठवा कोण?"

यामना फोटोकडे बघत राहिली. मग काठी उचलून उठली आणि बाहेर गेली. मी तिच्या मागे गेलो. बाहेर उन्हाचा मागमूस नव्हता. धुकं गल्लीत उतरलं होतं. कोठारापासून तिच्या अंगणापर्यंत दोनशे पावलं, पण तिच्या गुडघ्यामुळे आम्हाला बराच वेळ लागला. त्या वेळात तिने सांगितलं.

१९९३ साली एकोणिसाव्या ढिगावर सात भरले. तिने हाक दिली. विसाव्यावर सहा भरले. तिने पुन्हा मोजलं, सहाच. दोन हाका द्यायला तोंड उघडलं आणि तिला दा अबुश आठवले, सोबत बांधलेलं जेवण आठवलं, सगळ्यांचं हसणं आठवलं. बेलईद एकोणिसाव्यावर होता, म्हणजे इथेच कुठेतरी पाखरं बघत रेंगाळला असणार, मागून येईल. मोजणाऱ्याच्या पिशवीत जादा खडे असतात. तिने त्यातला एक काढून भावाच्या नावाने ठेवला आणि एक लांब हाक दिली. एकविसाव्यावर पुन्हा ठेवला. मग मागे फिरायची सोयच राहिली नाही. एकतिसाव्यापर्यंत तिने ठेवले.

"बारा खडे मी टाकले, मास्तर. त्या एका वर्षी. त्यानंतर एकही नाही. दुसऱ्या वर्षापासून तो येतोच आहे."

तिनेच पुढे सांगितलं. एकोणीस आणि वीस यांच्या मधला एकेक दगड तिने उलटून पाहिला होता. शेळी हरवली म्हणून जायची, सरपण म्हणून जायची, अगदाल उघडं असेल तेव्हा दर आठवड्याला. सव्वीस वर्षं. काही मिळालं नाही.

"आणि एक गोष्ट मला कळत नाही. मी टाकायला सुरुवात केली विसाव्यावर. तो येतो एकोणिसाव्यापासून. तिथे तर सात भरले होते. तिथे त्याने स्वतः ठेवला होता. मग तिथे जादा कशाला?"

मी आयुष्यभर मुलांच्या बेरजा तपासल्या. बेरीज चुकली की मी उत्तर बघत नसे, मूल हात कसा चालवतं ते बघायचो. मी तिला म्हणालो, लल्ला, एकोणिसाव्यावर कसं मोजलंस ते करून दाखव. ती भिंतीच्या कडेला टेकली. मी गल्लीतले सहा खडे उचलून तिच्यासमोर कठड्यावर मांडले. तिने त्यातला एक आपला म्हणून उचलला, पुन्हा ठेवला आणि म्हणाली, "बरकत." मग थांबली. तेव्हा काय झालं होतं ते तिला आठवलं. वाऱ्याने डोक्यावरचं वस्त्र तोंडावर आलं होतं, ते तिने दोन्ही हातांनी मागे सारलं होतं. तिने आताही तसंच केलं. मग बोट खाली आणलं. बोट पहिल्या खड्यावर टेकलं, तिच्याच खड्यावर.

"दोन," ती म्हणाली. तीन, चार, पाच, सहा. आणि शेवटच्या खड्यावर बोट ठेवून, "सात."

कठड्यावर सहा खडे होते.

तिने बोट उचललं नाही. बेलईद एकोणिसाव्या ढिगापर्यंत आलाच नव्हता. सव्वीस वर्षं ती चुकीच्या जागी दगड उलटत होती आणि दर वर्षी कोणीतरी तिला बरोबर जागा दाखवत होतं.

"तूदाकडे चला," ती म्हणाली. "माझ्यासोबत या. मध्ये बोलू नका."

तूदा अंगणात आर्गनच्या बिया फोडत बसली होती. एका दगडावर बी धरायची, दुसऱ्याने ठोकायची. यामना तिच्यासमोर उभी राहिली, बसली नाही. जे मला सांगितलं तेच तिने सांगितलं, त्याच क्रमाने, काही न गाळता. हाक द्यायला लाज वाटली हेही सांगितलं. तूदाचा दगड थांबला नाही. शेवटपर्यंत ठोके पडत राहिले. मग तिने दगड खाली ठेवला.

"म्हणजे तो मला टाकून गेला नाही."

"नाही."

"हे तुला माहीत होतं."

"तो जेवायला आला नाही तेव्हापासून."

तूदाने हातावरची टरफलं झटकली. मला वाटलं ती ओरडेल, मारेल. ती उठली आणि दोर शोधू लागली. विचारलं तर म्हणाली, अठरा आणि एकोणिसाच्या मध्ये निवडुंगात एक जुनं टाकं आहे. तिची सासू सांगायची, लहानपणी तिथे पाणी भरायला जायचे, मग छत खचलं आणि सोडून दिलं. संस्थेच्या यादीत त्रेपन्न टाकी आहेत. यादी मीच केली होती. छत शाबूत असलेलीच त्यात घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. तूदा, नवाल, मी आणि दोर धरायला दोन माणसं. यामनाला खेचरावर बसवून आणलं. निवडुंग तोडायला अर्धा दिवस गेला. खाली टाक्याचं तोंड होतं, माणूस जाईल एवढं, वाटेच्या वळणाला लागूनच. नवाल दोराने उतरली. मग तिने वर न बघता सांगितलं की खाली माणूस आहे. हाडं होती, पायात टायरची वहाण होती. एक पाय मांडीपाशी मोडलेला होता. म्हणजे तो पडल्यावर लगेच गेला नसावा. हे नवालने फक्त मला सांगितलं आणि मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. ढिगावरून दिलेली हाक तिथे खालीही ऐकू जाते. मी नंतर तपासून पाहिलं.

कमरेची पिशवी कोरड्या टाक्यात चांगली टिकली होती. चामडं कडक झालेलं, पण शिवण कुठे उसवली नव्हती. तोंड दोरीने घट्ट बांधलेलं होतं, बेलईद बांधायचा तशी दुहेरी गाठ. अठरा ढिगांवर अठरा खडे गेले, तर आत तेरा असायला हवे होते. तूदाने गाठ सोडली आणि पिशवी तळहातावर उलटी केली. पिशवी रिकामी होती. टाक्याचा तळ आम्ही चाळणीने चाळला. एकही पांढरा खडा मिळाला नाही.

नवालने अहवालात काय लिहावं ते मला विचारलं. मी म्हणालो, लिहा की १९९३ च्या फेरीत मोजणी चुकली आणि एक माणूस अठरा व एकोणीस यांच्या मध्ये मेला. तिने तसंच लिहिलं. खाली यामनाने अंगठा उठवला. बेलईदच्या मृत्यूच्या नोंदीसाठी तो कागद कोर्टातही चालला.

बेलईदला पुरल्यावर मशिदीतला फकीह तूदाला म्हणाला की इतकी वर्षं उलटली, आता पांढरं नेसायची गरज नाही. तूदा म्हणाली, मी तुम्हाला विचारलं नाही. ती चार महिने दहा दिवस पांढऱ्यात बसली. यामना रोज तिच्यासाठी दारात जेवण ठेवायची आणि रोज ताट रिकामं परत यायचं. त्या दिवसांत दोघी एकमेकींशी बोलल्याचं कोणी ऐकलं नाही. पांढरं उतरवल्यावर पहिल्यांदा तूदा एका लग्नाला गेली. नवरीच्या हाताला मेंदी तिने लावली.

रोगराईमुळे एक वर्ष फेरी निघाली नाही. त्यानंतरच्या वर्षी मीच मागे होतो. एकोणिसाव्या ढिगापाशी बराच वेळ उभा राहिलो. धुकं होतं. मागून कसलाही आवाज आला नाही. खडे सात होते. मी दोनदा मोजले. मला हायसं वाटायला हवं होतं. पण तिथून पुढे मला सारखं वाटत राहिलं की फेरीत कोणीतरी कमी आहे.

यामना आता सत्तर वर्षांची आहे. बापाचं घर पडल्यापासून ती तूदाच्या घरात पूर्वेकडच्या खोलीत राहते. दर गुरुवारी गुडघ्यासाठी इफ्नीच्या दवाखान्यात जाते. तूदा तिच्यासोबत जाते, पण गाडीत पुढच्या सीटवर बसते आणि यामना मागे.